काट्याच्या पावत्यांसाठी कॉकरोचडीबी, मोंगोडीबी की कॅसांड्रा?

आमचं काम म्हणजे रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर, गाडी काट्यावर आली की वजन, भाव, कटती, उचल सगळं त्यात. वरची तिन्ही नावं डेटाबेसची, एकच एन्ट्री एकाहून जास्त मशीनवर ठेवणाऱ्या. एक पावती जरी उडाली तरी कुणा शेतकऱ्याचे पैसे अडकतात, म्हणून स्पीड वगैरे मी नंतर बघतो, आधी हे बघतो की डेटाबेसने 'सेव्ह झालं' म्हटलं तेव्हा एन्ट्री नेमकी कुठवर पोचली होती.

कॅसांड्रा लिहायला जबरदस्त फास्ट आहे, पण डिफॉल्ट सेटिंगला कमिट लॉग (एन्ट्री आधी जिथे नोंदली जाते ती फाइल) दर 10 सेकंदांनी डिस्कवर पक्का होतो. तीन मशीन तीन गावांत असतील तर ठीक, पण आपल्याकडे तिन्ही एकाच खोलीत एकाच इन्व्हर्टरवर असतात आणि मे महिन्यात लाइट कशी जाते ते जळगाववाल्यांना सांगायला नको. तिन्ही एकदम बसले की शेवटच्या काही सेकंदांच्या सेव्ह दिसलेल्या पावत्या जाऊ शकतात. आणि टेस्ट करताना नुसती प्रोसेस किल करून भागत नाही भाऊ, तेव्हा डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत शिल्लक असतो आणि सगळं छान वाटतं, प्लगच काढावा लागतो. वर एकाच पावतीच्या दोन नोंदी आल्या तर टाइमस्टॅम्प (नोंदीची वेळ) ज्याचा पुढचा तोच जिंकतो, त्यामुळे एका मशीनचं घड्याळ पुढे पळत असेल तर नंतर केलेली दुरुस्तीही गुपचूप उडते. केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरच्या तापमानाच्या रीडिंगला मस्त, पैशाला मी लावणार नाही.

मोंगोडीबी 4.2.6 ची 2020 मध्ये जेप्सनने (डेटाबेसचे दावे तपासणाऱ्यांनी) तपासणी केली, तेव्हा डिफॉल्टला ओके मिळालेल्या एन्ट्री हरवू शकतात हे दिसलंच, पण सगळ्यात कडक सेटिंगवरही ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच व्हायला हव्यात अशा एन्ट्रींच्या गटात) गडबड निघाली. 5.0 पासून मेजॉरिटी राइट (निम्म्याहून जास्त मशीनवर लिहिल्यावरच ओके) डिफॉल्ट झालंय, ही चांगली गोष्ट. फक्त डेटाबेसला जोडायच्या जुन्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कुणी डब्ल्यू=1 (एकाच मशीनवर लिहिलं की ओके) टाकून ठेवलं असेल तर व्हर्जन वाढवूनही उपयोग नाही, ते आधी शोधा.

पैशासाठी माझी पसंती कॉकरोचडीबी. राफ्टवर (मशीनांनी बहुमताने ठरवायची पद्धत) चालतो, तीनपैकी दोन मशीनवर लिहिलं गेल्याशिवाय ओके देत नाही. एकाची वायर काढली तर काही सेकंद अडकतो आणि पुढे चालू, दोघांची काढली तर सरळ थांबतो. काट्यावरचा माणूस ओरडतो, पण खोटी पावती हातात पडत नाही, आणि मला हेच पाहिजे. घड्याळं मात्र जुळलेली ठेवा, फरक फार वाढला तर त्या मशीनवरचा डेटाबेस (नोड) स्वतःच बंद होतो. 2024 मध्ये लायसन्स बदललंय, तेही वाचून घ्या. ते नको असेल तर युगाबाइट हा डेटाबेस आहे, ओपन सोर्स आणि राफ्टवरच.

बॅकअप यातल्या कुठल्याच्याही भरवशावर सोडू नका, चुकून टेबल डिलीट केलं तर ते तिन्ही मशीनवरून जातं. आणि एकच काटा असेल तर एवढं सगळं कशाला, एका मशीनवर पोस्टग्रेस डेटाबेस, चांगला यूपीएस आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या गावात, तो मधूनमधून रिस्टोअर करून बघायचा.