ब्लॉगरला मसाल्याचं पाकीट फुकट पाठवावं का?

घरगुती मसाले, भाजणी, कोकम आगळ विकणाऱ्यांना हल्ली वरचेवर मेसेज येतात: "तुमचे प्रॉडक्ट्स पाठवा, आम्ही रिव्ह्यू करू." याला बार्टर कोलॅब म्हणतात. पैसे द्यायचे नाहीत, माल द्यायचा. जाहिरातीची सेवा म्हणून ही पद्धत कितपत पैसे वसूल आहे, ते इथे गोड्या मसाल्याचं उदाहरण धरून तपासलं आहे. मत आधीच सांगून टाकतो: नीट निवडलेल्या आठ-दहा ब्लॉगरपुरती ती चांगली आहे. मागेल त्याला पाठवत सुटलात तर पदरमोड ठरलेली.

पहिली चूक हिशेबात होते. "आपल्याच घरचा माल, त्यात काय जातं?" असं म्हणून पाकीट दिलं जातं. समजा २०० ग्रॅमचं पाकीट २२० रुपयांना विकता. आतला माल ११० रुपयांचा, पाकीट आणि लेबल २० रुपयांचं, कुरिअर गिऱ्हाईक भरतं. म्हणजे हातात ९० रुपये उरतात. तेच पाकीट ब्लॉगरला पाठवताना १३० रुपयांवर खोक्याचे १५ आणि कुरिअरचे ७५ चढतात, एकूण २२०. दहा जणांना पाठवलं की २,२०० रुपये झाले, आणि ते भरून निघायला २५ पाकिटं विकावी लागतात. त्यात ब्लॉगरच्या वाचकांना १० टक्के सवलतीचा कूपन कोड दिलात तर नफा ९० वरून ६८ वर येतो आणि २५ ची ३३ पाकिटं होतात. हा कोड बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत.

तरीही कोड द्यावाच, आणि प्रत्येक ब्लॉगरला वेगळा द्यावा. कोणाकडून किती ऑर्डरी आल्या हे कळायला दुसरा सोपा मार्ग नाही. निकाल पहिल्या आठवड्यात लावू नका. रील दोन-तीन दिवस धावते आणि मागे पडते. पाककृतीसकट लिहिलेला लेख मात्र "गोडा मसाला आमटी" असं शोधणाऱ्याला सहा महिन्यांनीही सापडतो. निदान साठ दिवस थांबा. त्यातही खरं माप म्हणजे तेच गिऱ्हाईक कोड नसताना दुसऱ्यांदा मागवतं का, हे.

आता पाकिटाकडे. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, दोन्ही तेलकट. ब्लॉगरकडे आधीच पाच पार्सलं पडलेली असतील तर तुमचं पाकीट दोन महिन्यांनी उघडलं जातं आणि तोवर मसाल्याला खवट वास लागलेला असू शकतो. म्हणून आधी विचारा, "कोणत्या आठवड्यात करून बघणार?" आणि त्याच्या तीन-चार दिवस आधी पाठवा. कांडपावरून आलेला मसाला कोमट असतानाच पाकीट बंद केलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. चहाच्या सपाट चमच्यात साधारण तीन ग्रॅम मसाला मावतो, म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटात पंधरा-सोळा वेळा आमटी होते. चव बघायला तेवढं भरपूर झालं. तुम्ही ५० ग्रॅमचं पाकीट विकत असाल तर तेच पाठवा, नसाल तर विक्रीतलं सर्वांत लहान. फक्त ब्लॉगरसाठी वेगळा, निवडक घाणा काढू नका. तिचं वाचून मागवणाऱ्याला दुसरीच चव मिळते आणि तक्रार त्याच लेखाखाली येऊन पडते.

सोबत हाताएवढं कार्ड हवंच. गोडा, काळा आणि कांदा-लसूण या मसाल्यांच्या नावांचा गोंधळ मोठा आहे. काही घरांत गोड्यालाच काळा म्हणतात, काही भागांत काळा म्हणजे झणझणीत. पुण्याबाहेरच्या ब्लॉगरने गोडा मसाला मिसळीच्या कटात घातला आणि "तिखटपणा कमी वाटला" असं लिहिलं, तर दोष तिचा नाही, तुमच्या न लिहिलेल्या कार्डाचा. एवढं छापा: हा मसाला तिखट नाही, चौघांच्या आमटीला चहाचा एक चमचा, चिंच-गुळाबरोबर घालून उकळी आणा. खाली सगळे घटक लिहा. तीळ आणि खोबरं काहींना चालत नाही. बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे हिंग घातलेला मसाला "ग्लूटेनमुक्त" म्हणून पाठवू नका. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक, वजन आणि तारखा विक्रीच्या पाकिटावर असतात तशाच याही पाकिटावर असाव्यात.

ब्लॉगर निवडताना फॉलोअरचा आकडा शेवटी बघा. आधी मागच्या वीस पोस्ट उघडा. त्यातल्या किती फुकट मिळालेल्या मालाच्या आहेत? एकातही "हे मला आवडलं नाही" असं वाक्य नसेल तर तिच्या कौतुकावर वाचकही विश्वास ठेवत नसणार. मग खालच्या प्रतिक्रिया वाचा. "कुठे मिळेल?", "साध्या वरणात चालेल का?" असे प्रश्न विचारणारे पन्नास वाचक नुसत्या टाळ्यांच्या इमोजी टाकणाऱ्या हजारांपेक्षा मोलाचे. आणि जिने स्वतःहून कधी आमटी, भरली वांगी, मसालेभात केलेला दिसतो, तिलाच मसाला पाठवा.

पहिल्या मेसेजमध्ये तीन गोष्टी स्वच्छ लिहा: पाकीट मोफत आहे, लिहिण्याची सक्ती नाही, लिहिलंत तर मोफत मिळाल्याचं नमूद करा. चांगलंच लिहा, असं सुचवूसुद्धा नका. ही नुसती सभ्यता नाही, नियमही आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१ पासून लागू आहेत आणि फुकट दिलेली वस्तूही त्यात जाहिरातदाराशी असलेला संबंधच मानली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा "आमच्याकडून आल्याचं लिहू नका, नैसर्गिक वाटू दे" अशी गळ कधीच घालू नका.

वेबसाइटच्या लिंकचंही तसंच. फुकट मालाच्या बदल्यात दिलेल्या लिंकला नोफॉलो (शोधाच्या क्रमवारीत ही लिंक धरू नका, असं सांगणारी खूण) लावा, असं गूगलने मार्च २०१६ मध्येच ब्लॉगरना सांगितलं होतं. सप्टेंबर २०१९ पासून त्यासाठी स्पॉन्सर्ड ही वेगळी खूण आहे. ब्लॉगरने ती लावली तर रुसू नका. माल देऊन अ‍ॅमेझॉनवर पाच तारे लिहून घेण्याचा विचार तर सोडूनच द्या, ऑक्टोबर २०१६ पासून तिथे त्याला मनाई आहे.

जीएसटी नोंदणी असेल तर फुकट नमुन्यांवरचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे. पाठवलेल्या पाकिटांची वेगळी वही ठेवा.

लेख आला आणि त्यात "वास खवट होता" असं असेल तर? वाद घालू नका, लेख काढायला सांगू नका. पाकिटावरच्या तारखेचा फोटो मागवा, त्याच घाण्याचं घरातलं पाकीट उघडून हुंगून बघा. दोष खरा असेल तर त्या घाण्याची राहिलेली पाकिटं विक्रीतून काढा आणि काढल्याचं त्या लेखाखाली लिहा. अशा दोन ओळी वाचून मागवणारी गिऱ्हाइकं टिकतात.

सगळ्याच मालाला ही पद्धत चालत नाही. थालीपिठाची भाजणी उत्तम, कारण ती करून दाखवावी लागते आणि फोटोत छान दिसते. आगळाच्या बाटलीला झाकणाखाली सील नसेल तर पाठवू नका, कारण वाटेत झिरपून शेजारच्या पाकिटांचीही वाट लागते. पुरणपोळीचं आयुष्य कुरिअरच्या भरवशावर सोडण्याएवढं नसतं. चकली पोचते तेव्हा तुकडे झालेले असतात, आणि फोटो त्याच तुकड्यांचा छापला जातो. घरघंटीसारखी महाग वस्तू द्यायचीच झाली तर महिनाभर वापरायला द्या आणि परत घ्या. परत घेतलेली वस्तू आयकराच्या हिशेबात ब्लॉगरला झालेला लाभ धरली जात नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

दिवाळीच्या विक्रीसाठी पाठवत असाल तर पाकिटं नवरात्राआधी पोचायला हवीत. ब्लॉगरला करून, फोटो काढून, लिहायला दोन आठवडे लागतात आणि दिवाळीच्या आठवड्यात तुमच्याकडे नव्या ऑर्डरी भरायला हात मोकळे नसतात.