मोर्वाँचा मुरूम, ओस्वाचा चिखल: बर्गंडीत ग्रॅव्हल सायकलवर आठ महिने

नोकरीसाठी फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या दिजों शहरात येऊन दोन वर्षं होत आली. यंदा मार्चमध्ये ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, जाड टायरची) घेतली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत तिच्यावर 2,700 किलोमीटर झाले, जवळपास सगळे बर्गंडीतच. पुण्याहून इकडे यायच्या तयारीत असलेले मित्र विचारतात, कुठली सायकल घेऊ? माझं उत्तर आता ठरलेलं आहे: आधी जमीन बघा. इथे एका फेरीत पायाखालचा दगड बदलतो, आणि दगड बदलला की टायर, वेग, निघायचा दिवस, सगळंच बदलतं.

सुरुवात कालव्यापासून केली. बर्गंडी कालवा 1832 मध्ये पूर्ण झाला, लांबी 242 किलोमीटर, लॉक (नावा वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) 189. दिजोंच्या कीर तलावापासून उश नदीच्या खोऱ्यातून वर पुयी-आँ-ओस्वापर्यंत साठेक किलोमीटर कालव्याच्या काठाने जाता येतं. पूर्वी याच काठावरून नावा ओढून नेत, म्हणून चढ जाणवतच नाही. लॉक आला की चार हात चढ, की पुन्हा सपाट. पुयीला कालवा 3,333 मीटरच्या बोगद्यात शिरतो आणि आपण वरून, झाडांच्या रांगेतून जातो. दोन महिने मी याच काठावर पाय तयार केले. नवख्यांसाठी, मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी याहून चांगलं काही नाही. मात्र शांतता हवी म्हणून जाणार असाल तर पहिले वीस किलोमीटर त्यासाठी नाहीत. पों-द-पानीपर्यंत मोटारवेचा आवाज खोऱ्यात घुमत राहतो.

खरी शांतता कालवा सोडल्यावर सुरू होते. पुयीच्या पलीकडे ओस्वाचा मुलूख: गवताळ टेकड्या, पांढऱ्या शारोले गाई आणि पाणंदी. हो, पाणंदीच. दोन्ही बाजूंना झुडपांचं उंच कुंपण, मधे ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या, वर आभाळाची पट्टी. एका रविवारी चार तासांत मला फक्त एक ट्रॅक्टर आणि एक पोस्टाची जुनी पेटी दिसली. पण या पाणंदींखाली चिकणमाती आहे. पाऊस होऊन दोन दिवस उलटले तरी ती विदर्भातल्या काळ्या मातीसारखी चाकाला धरते. एप्रिलमध्ये सम्यूरच्या अलीकडे चिमटा (फोर्क) आणि टायर यांच्यामध्ये इतकी माती बसली की चाक फिरेना. काडीने माती उकरत, सायकल खांद्यावर घेत दोन किलोमीटर चाललो. त्या दिवसापासून नियम केला: पावसानंतर तीन दिवस ओस्वात डांबरी सोडायची नाही. इथले डी क्रमांकाचे (जिल्ह्याचे) छोटे रस्ते इतके मोकळे असतात की त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही.

दिजोंच्या दक्षिणेला द्राक्षमळ्यांच्या वरच्या अंगाला चुनखडी आहे. वाट पांढरी, कोरडी, टणक. उन्हाळ्यात डोळ्यांवर येते. खडे धारदार असतात, म्हणून हवा थोडी जास्त ठेवतो. मळ्यांतल्या वाटांवर तोडणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, जाऊ नये. ट्रॅक्टर आणि माणसं कामात असतात, आपण त्यांना अडचण होतो.

आणि मग मोर्वाँ. याच्याबद्दल मी कितीही लिहीन. चुनखडीच्या मुलखाला लागून हा ग्रॅनाइटचा उंचवटा आहे. हा दगड झिजून जी जाड वाळू होते ती थेट आपल्या मुरमासारखी. टायरखाली तोच करकर आवाज. पाऊस थांबला की पाणी खाली उतरतं आणि थोड्या वेळात वाट चालती होते. सासवडकडच्या मुरमाच्या रस्त्यांवर सायकल शिकलेल्या मला पहिल्याच वळणावर हात सैल सोडता आले. माझी आवडती फेरी अशी: दिजोंहून प्रादेशिक रेल्वेने एताँ-स्युर-आरू (सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागलं नाही), तिथून सें-लेजे आणि 821 मीटर उंचीचा ब्युव्रे डोंगर. शेवटचा चढ उभा आहे. माझ्याकडे पुढे 40 आणि मागे 42 दात आहेत, तरी दोनदा उतरलो. माथ्यावर बीचच्या झाडांखाली बिब्राक्त, इथल्या प्राचीन गॉल लोकांचं गाव. इसवी सनपूर्व 52 मध्ये रोमन सेनापती सीझरविरुद्ध गॉल सरदार व्हर्सेंजेटोरिक्सचं नेतृत्व इथेच नक्की झालं. पुढे ग्ल्यूजवळ यॉन नदीचा उगम. मोर्वाँच्या जंगलातलं सरपण कित्येक शतकं याच पाण्यावर सोडून पॅरिसला पोचवत. उगमापाशी बसून डबा खाल्ला आणि 901 मीटरच्या ओ-फोलाँकडे निघालो. तो मोर्वाँचा सर्वांत उंच माथा.

मोर्वाँचा एकच त्रास, तोही खरा: डग्लस फरची तोड. नकाशावर सुरेख दिसणारी वाट गाठावी तर यंत्रांनी गुडघाभर चर पाडलेले, किंवा लाकडाच्या ट्रकसाठी मुठीएवढी खडी टाकलेली. 40 मिलिमीटरच्या टायरवर ही खडी हाडांपर्यंत येते. जूनमध्ये 45 चे घातले आणि मग पाठदुखी थांबली. तुम्ही थेट 45 नेच सुरुवात करा.

नकाशा म्हणजे आयजीएनचा (फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा) 1:25,000. सायकलच्या ॲपमधला आपोआप काढलेला मार्ग मी आता आदल्या रात्री त्यावर ताडून बघतो. सलग बारीक रेघ म्हणजे गाडीवाट, बहुधा जाता येतं. तुटक रेघ म्हणजे पायवाट, तिच्यावर सायकल ढकलायची तयारी ठेवावी. एवढं कळलं आणि माझ्या फेऱ्या अंधार पडायच्या आत संपू लागल्या.

खाण्यापिण्याची आखणी हवीच. दुपारी बारा ते दोन खेडं बंद, सोमवारी बरेचदा बेकरीही बंद. मी पोळीचा रोल आणि शेंगदाण्याची चिक्की सोबत ठेवतो. पाण्यासाठी दफनभूमी शोधा. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो. पिण्याचं नसल्याची पाटी आधी वाचायची, आणि आत कुणी असेल तर थांबायचं, बोंझूर म्हणायचं, मग नळाकडे जायचं. एकदा एका आजींनी मला नळावरून उठवून घरी नेलं आणि बाटली गार पाण्याने भरून दिली.

ट्यूबलेस (आत ट्यूबऐवजी भोक बुजवणारा द्रव असलेले टायर) घेतलं याचं समाधान आहे. शरद ऋतूत कुंपणं छाटली की वाटेवर काटे पडतात, बाभळीच्या काट्यांसारखे. ऑक्टोबरमध्ये एका दिवसात मागच्या टायरमधून पाच काटे काढले. आतल्या द्रवाने पाचही भोकं बुजवली.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम. जंगलाच्या तोंडाशी शिकार सुरू असल्याची पाटी दिसली तर मी परत फिरतो, वाट कितीही आवडती असो. अंगावर भडक नारिंगी जाकीट कायम. भारतातून सुट्टी काढून येणाऱ्यांनी मे अखेर ते जून निवडावा: माती वाळलेली, दिवस रात्री साडेनऊपर्यंत, कुंपणांवर एल्डरची पांढरी फुलं. माझी सायकल आता धुऊन, साखळीला मेण लावून ठेवली आहे. मार्चमध्ये ब्युव्रेचा तो चढ न उतरता चढायचा आहे, त्यासाठी पुढे 36 दातांची चकती मागवली आहे.