मराठवाड्याच्या उन्हात रोज वापरता येईल असा रायडिंग पोशाख : मेश जॅकेट, रायडिंग जीन्स आणि हातमोजे

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातल्या कोणत्याही रस्त्यावरच्या दुचाकीस्वारांकडे पाहिले, तर उघड्या अंगाने गाडी चालवणारा माणूस सहसा दिसत नाही. पारा ४२ अंशांच्या वर गेला की पुरुष डोक्याला आणि कानांना उपरणे गुंडाळतात, स्त्रिया सनकोट, स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि शेताकडे निघालेला माणूससुद्धा पूर्ण बाह्यांचाच सदरा पसंत करतो. त्यामुळे उन्हाळ्यात जॅकेट घालणे अशक्य आहे, हे आपल्याकडे नेहमी ऐकू येणारे म्हणणे मला पटत नाही. अंग झाकण्याची सवय आपल्याला आहेच. फक्त ज्या कापडाने आपण ते झाकतो ते उन्हापुरते असते, डांबरावर घासले की क्षणात फाटते. छत्रपती संभाजीनगर ते वाळूज अशी नोकरीनिमित्तची रोजची ये-जा आणि सुटीच्या दिवशी परभणी जिल्ह्यातल्या गावापर्यंतचा प्रवास, या दोन्हींसाठी गेले काही उन्हाळे मी जे कपडे वापरत आहे, त्यांच्याबद्दल हे परीक्षण आहे. लांबच्या सहलींसाठी काय घ्यावे यावर भरपूर लिहिले जाते. रोज अंगावर चढेल असे काय घ्यावे, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण घरात खुंटीला टांगलेले उत्तम जॅकेट कोणालाही वाचवत नाही.

आधी उष्णतेचा विचार करू, कारण तिथेच बहुतेकांची निवड अडते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोपर्यंत वारा अंगाला थेट गारवा देतो. हवा ४२-४३ अंशांची झाली की तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो आणि शरीर थंड ठेवण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे घामाचे बाष्पीभवन. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे उघड्या हातांवरचा घाम लगेच उडून जातो, त्वचा भाजते आणि पाणी मात्र झपाट्याने कमी होते. आत पातळ बनियन किंवा घाम टिपणारा टी-शर्ट आणि वर जाळीचे जॅकेट असेल, तर घाम आतल्या कापडात थोडा वेळ टिकतो, जाळीतून आलेली हवा तो सावकाश उडवते आणि ऊन थेट लागत नाही. निघताना आतला टी-शर्ट पाण्याने भिजवून घट्ट पिळून घातला, तर पहिला टप्पा खरोखर सुसह्य होतो. कापड वाळले की पुढच्या थांब्यावर पुन्हा भिजवावे. हा उपाय कोरड्या हवेचा आहे. पाऊस सुरू झाल्यानंतरच्या दमट, कोंदट दिवसांत ओला टी-शर्ट अंगाला चिकटून बसतो आणि त्रासच वाढवतो.

मेश म्हणजे जाळीच्या जॅकेटांत दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात आणि मी दोन्ही वापरले आहेत. पहिल्या प्रकारात छाती, पाठ आणि बाह्या जवळजवळ पूर्ण जाळीच्या असतात. गाडी चालू असताना याच्याइतके हवेशीर दुसरे काही नाही. परंतु रेल्वे फाटकाशी किंवा सिग्नलला थांबले की त्याचा फायदा संपतो, सगळी धूळ आत येते, आणि गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर कडेची वेडी बाभूळ जिथे अंगावर येते तिथे तिच्या काट्यांनी जाळीचे धागे ओढले जातात. दुसऱ्या प्रकारात खांदे, कोपरे आणि बाह्यांची बाहेरची बाजू जाड विणीच्या नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते, आणि जाळी छातीवर, पाठीवर व बाह्यांच्या आतल्या बाजूला असते. वारा थोडा कमी लागतो हे खरे, पण पडल्यावर रस्त्याला घासणारी ठिकाणे नेमकी झाकलेली राहतात. रोजच्या वापरासाठी मी निःसंशय हा दुसरा प्रकार सुचवेन. रंग फिकट राखाडी घ्यावा. काळे जॅकेट दुपारच्या उन्हात नुसते लावून ठेवले तरी हाताला चटका देण्याइतके तापते. काळ्या मातीच्या आणि मुरुमाच्या रस्त्यांवर फिकट रंग लवकर मळतो, ही तक्रार रास्त आहे. तरीही धुण्याचा त्रास मला परवडतो.

जॅकेटच्या आत शिवलेली चिठ्ठी वाचण्यात दुकानातला निम्मा वेळ घालवावा, असे मी आग्रहाने सांगतो. भारतात हेल्मेटसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि १ जून २०२१ पासून त्याशिवायचे दुचाकी हेल्मेट विकणे बेकायदा ठरले आहे; जॅकेट-पँट वापरण्याची मात्र कायद्याने सक्ती नाही, म्हणून ग्राहकाला आधार उरतो तो बहुधा युरोपीय मानकांचा. संपूर्ण कपड्यासाठीचे मानक ईएन १७०९२ हे असून त्यात एएए, एए, ए, बी आणि सी अशा श्रेणी आहेत. कापडाचे नमुने फिरत्या यंत्रावरून काँक्रीटवर सोडून घासले जातात, आणि सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी ही चाचणी एएए श्रेणीत ताशी सुमारे १२०, एए श्रेणीत ७० आणि ए श्रेणीत ४५ किलोमीटर वेगाशी जुळणारी असते. हे चाचणीचे आकडे आहेत, त्या वेगाला काहीच होणार नाही अशी हमी नव्हे. बी श्रेणीत कापडाची कसोटी ए इतकीच असते, पण आर्मर, म्हणजे आघात झेलणारे पॅड, नसते. सी श्रेणी ही केवळ आर्मर जागेवर धरून ठेवणाऱ्या, इतर कपड्यांसोबत घालायच्या जाळीदार अंगरख्यांची असते. आंतरजालावर ‘सीई प्रमाणित’ (सीई हे युरोपीय मानकांचे चिन्ह) जॅकेट म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कपड्यांत प्रमाणपत्र फक्त आतल्या पॅडचे असते, कापडाची कोणतीही चाचणी झालेली नसते. तेव्हा चिठ्ठीवर १७०९२ हा आकडा आणि त्यापुढचे अक्षर आहे का, ते पाहावे. शहरात ये-जा करण्यासाठी ए पुरेशी आहे. जालना, बीड किंवा नांदेडच्या दिशेने महामार्गाचा प्रवास नेहमीचा असेल, तर एए घ्यावी, आणि आता त्या श्रेणीतही उन्हाळ्यात वापरता येतील अशी जॅकेटे मिळतात. एएए श्रेणीतले कपडे प्रामुख्याने चामड्याचे किंवा जाड असतात, आपल्या मे महिन्यात रोज ते घालणे मला शक्य वाटत नाही.

पॅडची भाषा निराळी आहे. खांदे, कोपरे, गुडघे आणि कंबर यांच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ आणि पाठीच्या पॅडसाठी ईएन १६२१-२ ही मानके आहेत. हातापायांच्या पॅडवर ठरावीक आघात केल्यावर पलीकडे पोहोचणारे बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर पातळी १, आणि २० च्या आत राहिले तर पातळी २ मिळते; पाठीच्या पॅडसाठी हेच आकडे १८ आणि ९ असे आहेत. आपल्याकडच्या ग्राहकाने यापलीकडे एक बारीक खूण शोधावी, ती म्हणजे ‘टी’ अक्षरापुढचे अधिकचे चिन्ह. ती असेल तर तो पॅड ४० अंश तापवूनही तपासलेला आहे. आज वापरात असलेले बरेच मऊ पॅड एरवी लवचीक असतात आणि आघात झाल्यावर कडक होतात. अशा फोमचे गुणधर्म तापमानाबरोबर बदलतात, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीवरचे जॅकेट अंगात घालणाऱ्यांसाठी ही चाचणी शोभेची नाही. ती ऐच्छिक असल्यामुळे सगळ्याच पॅडवर खूण नसते. पाठीच्या कप्प्यातला पॅड बाहेर काढून पाहायला तर अजिबात संकोचू नये, कारण तिथे अनेकदा कोणतेही मानक नसलेला साधा स्पंजाचा तुकडा घातलेला आढळतो आणि खरा पॅड वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. विकत घेण्याच्या बजेटमध्ये ती रक्कम आधीच धरलेली बरी.

मापाबाबत मी जॅकेट घालून हँडल धरल्यासारखे हात पुढे करतो आणि दुसऱ्या कोणाला तरी कोपरावरचा पॅड पिळून पाहायला सांगतो. पॅड हाताच्या आतल्या बाजूला सरकत असेल, तर कितीही चांगल्या पातळीचा असला तरी पडताना तो कोपरावर नसेल. उन्हाळ्यात सैल घ्यावे हा सल्ला दुकानदार प्रेमाने देतात, पण सैल जाळी वाऱ्याने फडफडते आणि पॅड जागा सोडतात. दंडावर आणि मनगटाजवळ आवळता येणारे पट्टे असलेले, अंगाबरोबर बसणारे जॅकेट घ्यावे. माप दुकानात घालूनच ठरवावे. जालना रोडवरच्या ज्या दुकानात मी खरेदी केली, तिथे उभ्या गाडीवर बसून पाहू देतात, आणि त्या एका सोयीसाठी आंतरजालापेक्षा थोडी जास्त किंमत देणे मला योग्य वाटले. मुंबईच्या रायनॉक्स आणि बंगळुरूच्या व्हियाटेरा यांसारख्या भारतीय कंपन्यांचे कपडे आता सहज मिळू लागल्यामुळे परदेशी नावांच्या मागे लागण्याची गरज राहिलेली नाही. बरे मेश जॅकेट साधारण सहा ते बारा हजार रुपयांपर्यंत येते.

पँटच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. जॅकेट घालणारे पुष्कळ लोक खाली साधी सुती जीन्स घालतात, आणि सुती डेनिम वेगात घासले की जवळजवळ लगेच झिजून भोक पडते. रायडिंग जीन्स दोन तऱ्हांच्या असतात : गुडघे आणि बैठकीला आतून अरामिड धाग्याचे, म्हणजे केवलारसारख्या कापडाचे अस्तर लावलेल्या, आणि मजबूत धागा डेनिमच्या विणीतच मिसळलेल्या एकपदरी. अस्तराची जीन्स स्वस्त पडते, पण दुपारी मांड्यांखाली घाम साचतो. एकपदरी जीन्स महाग असली तरी कचेरीत दिवसभर अंगावर ठेवता येते, म्हणून रोजच्या वापराला मी तीच निवडली आणि त्या निवडीवर समाधानी आहे. त्यातला धागा पॉलिएथिलीनचा असेल, तर तो सुमारे १५० अंशांच्या आसपास वितळतो हे लक्षात ठेवून तापलेल्या सायलेन्सरपासून पाय दूर ठेवावा. अरामिड वितळत नाही, मात्र ऊन आणि ब्लीच या दोन्हींनी कमजोर होते. गुडघ्याचे पॅड उभे राहिल्यावर खाली उतरल्यासारखे वाटतात आणि बसल्यावर वाटीवर येतात, तेव्हा मापाचा निर्णय बसूनच करावा.

स्त्रियांसाठीची निवड अजून तोकडी आहे, याचे मला वाईट वाटते. त्यांच्या मापाची जॅकेटे काही कंपन्या बनवतात, परंतु आपल्या शहरांतल्या दुकानांत ती मागवून घ्यावी लागतात, आणि पुरुषांचे लहान माप घेतले तर खांद्याचे पॅड दंडावर येतात. सलवारीवरून चढवायची असेल तर बाजूने वरपासून खालपर्यंत चेन असलेली मेश पँट सोयीची पडते. कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर बूट न काढता ती उतरवता येते. ओढणी मात्र जॅकेटच्या आत खोचून चेन लावावी, चाकात अडकण्याचा धोका त्यामुळे टळतो. सनकोटाच्या जागी असे जॅकेट आले, तर ऊन तेवढेच अडते आणि कोपरे-खांदेही झाकले जातात.

हातमोज्यांवर फार लांबण नको, पण तळहाताला दुहेरी चामडे किंवा रस्त्यावरून घसरत जाणारा कठीण तुकडा असलेलेच घ्यावेत, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. मनगटाचा पट्टा लावल्यानंतर ओढून पाहावे. हातमोजा निघून आला, तर तो रस्त्यावरही निघेल. मानक ईएन १३५९४. पायांत घोट्याच्या वर येणारे, दोन्ही बाजूंनी घोटा झाकणारे बूट हवेत. कापडी रायडिंग शूज दिसायला साधे असतात आणि कचेरीत खपून जातात. चप्पल घालून गिअर टाकणाऱ्यांनी निदान एवढा बदल तरी लगेच करावा.

हेल्मेटखाली जाडजूड उपरणे गुंडाळण्याची आपली पद्धत धोक्याची आहे. त्यासाठी लोक मोठ्या मापाचे हेल्मेट घेतात आणि उपरणे नसेल त्या दिवशी ते डोक्यावर डुगडुगते. पातळ सुती बॅलाक्लाव्हा, म्हणजे हेल्मेटखाली घालायची कानटोपी, घाम टिपतो, कान आणि मान झाकतो आणि माप बिघडवत नाही. तो रोज धुता येतो, हे त्याचे आणखी एक सुख.

मेश जॅकेटसोबत मिळणारे आतले पावसाळी अस्तर मी वापरत नाही. पाऊस लागल्यावर जॅकेट काढून ते आत बसवावे लागते, बाहेरची जाळी तरीही भिजून जड होते आणि आतून घामाने माणूस ओला होतो. वरून घालायचा साधा रेनकोट सोबत ठेवणे सरस. तोच रेनकोट हिवाळ्यातही कामाला येतो, कारण परभणीकडची डिसेंबरची पहाट दहा अंशांच्या खाली जाते आणि जाळीतून वारा बोचतो.

धुताना सगळे पॅड काढून घ्यावेत, थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे आणि सावलीत वाळवावे. पॅड परत बसवताना उजवे-डावे आणि वरची-खालची बाजू तपासावी. चेन बिघडली तर आपल्याकडचे शिंपी ती उत्तम बदलून देतात, पण खांदा, कोपर किंवा बाहीच्या मुख्य शिवणी उसवल्यास त्या साध्या सुती दोऱ्याने शिवून घेऊ नयेत. मूळ शिवण दुहेरी-तिहेरी असते आणि जाड बाँडेड नायलॉनच्या दोऱ्याची असते. तो दोरा चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांकडे मिळतो, आणि जुन्या शिवणीच्या ओळीवरूनच, तेवढ्याच पदरांत ती घालून द्यायला त्यांना सांगावे.