फोरके टीव्हीसाठी घेतलेलं फायबर नेट: पावसाळा आणि ऊस सीझन काढल्यानंतरचा अनुभव

जूनमध्ये घरात ५५ इंची टीव्ही आला आणि त्याच्या मागनं नेट घ्यायची वेळ आली. आमचं गाव निपाणी-चिकोडी भागातलं, ऑप्शन दोनच, एक केबलवाल्याचं फायबर आणि दुसरा ५जी-वाला बिनवायरचा डबा. डबा चुलतभावाकडं बघून आलो, सकाळी स्पीड २०० एमबीपीएसच्या वर दाखवायचा, खरं रात्री नऊला सगळं गाव मोबाईल घेऊन बसलं की २० च्या खाली. आता पिक्चर बघायचा रात्री, सकाळचा आकडा घेऊन काय करायचं? म्हणून फायबर घेतलं, १०० एमबीपीएस, ६९९ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८२५ धरा.

१०० पण आम्हाला जास्तच होतंय. नेटफ्लिक्स स्वतः फोरकेला १५ एमबीपीएस सांगतंय, यूट्यूब २०. टीव्ही चालू, वहिनी रील्स बघायलीय, पोरं गेम खेळायलीत, सगळं एकदम लागलं तरी ५० मध्ये बसतंय, त्यामुळं ३०० चा प्लॅन कोण गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. डेटाचं म्हणाल तर फोरके तासाला साधारण ७ जीबी खातंय, रोज चार तास बघितलं तरी महिन्याला ८४० जीबी, आमची लिमिट ३३०० आहे. लिमिट संपल्यावर स्पीड किती राहणार तेवढं विचारून घ्या. आणि नेटफ्लिक्सचा प्रीमियम प्लॅन नसेल तर नेट कितीही असू दे, फोरके येतच नाही.

सुरुवातीला चित्र धुरकट यायचं. जोडायला आलेल्या पोरानं वायर वाचवायला राऊटर दाराजवळ ठोकला आणि टीव्ही माजघरात, मधी दीड फुटी दगडी भिंत. ५ गीगाहर्ट्झचं वायफाय त्या भिंतीतनं पलीकडं जाईना, २.४ चं जायचं खरं १५-१८ च्या वर सरकेना. शेवटी कॅट सिक्सची, म्हणजे राऊटरपासनं नेट न्यायची, वायर वरनं फिरवून थेट टीव्हीला घातली, ९० च्या वर मिळतंय. (बऱ्याच टीव्हीचं लॅन पोर्टच १०० चं असतंय, हे पण मोठा प्लॅन घेताना ध्यानात ठेवा.) स्पीड बघताना फास्ट डॉट कॉमवर रात्री बघा, ते नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरनं मोजतंय. साधं स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर पकडून खूश करून सोडतंय.

पावसाळ्यात फायबरनं त्रास दिला नाही, लाइटीनं दिला. राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय, खरं केबलवाल्याच्या खोलीत बॅकअप नसेल तर आपला यूपीएस नुसता दिवा लावायला. आमच्याकडं त्यानं बॅटरी ठेवलीय, म्हणून चालतंय.

खरी परीक्षा ऊस सीझनला. वायर रस्त्यावरनं खांबावर नेलेली, आणि ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून वरपर्यंत मोळ्या रचलेल्या. रात्री डुलत डुलत निघाली गाडी की वायर वरच्या मोळीत अडकते, ड्रायव्हरच्या कानाशी गाणी फुल्ल, त्याला पत्ताच नसतो. राऊटरवर लॉसचा (फायबरचा सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला की आम्ही आधी रस्त्यावर जाऊन बघतोय, वायर लोंबायलीय का. एकदा दिवा हिरवाच होता तरी चित्र अडकत होतं, पोरानं येऊन सिग्नल मोजायचा मीटर लावला तर मायनस २९ डीबीएम, म्हणजे सिग्नल फारच कमी. वायर तुटली नव्हती, ताण बसून चिमटली होती. तेवढा तुकडा कापून नवीन जोड मारला, मायनस २१ वर आलं आणि सगळं सुरळीत. कस्टमर केअरच्या नंबरवर आधी कन्नडसाठी एक दाबा, मग तिकीट, मग ४८ तास, असलं काय नाही, आप्पांनी फोन केला की केबलवाल्याचा पोरगा, "येतो मामा, जेवतोय," म्हणतो आणि तासाभरात गाडीवर शिडी बांधून हजर. मला विचाराल तर कनेक्शन घेताना एमबीपीएसच्या आधी हे विचारा, तुटलं तर कोण येणार आणि कुठनं येणार. शिवाय वायर रस्ता कुठं ओलांडते ते बघून तिथं उंच घ्यायला लावा, आमची आता उंच घेतलीय.

एक तक्रार राहिलीच, खरं ती नेटची नाही. लाइव्ह मॅच ॲपवर मागनं येते, विकेट पडली की शेजारच्या डिशवाल्या घरातनं आरडाओरडा आधी ऐकू येतो. स्पीड वाढवून हे जात नाही, ॲपच मुद्दाम थोडं साठवून दाखवतंय. आप्पांनी मॅचपुरता डिशचा रिचार्ज चालू ठेवलाय, आणि आम्हाला पण त्याच खोलीत बसवतेत.