कायटिनेजसाठी ट्रायकोडर्मा घ्यायचा की मेटारायझियम?

मातीतल्या बुरशीपासून कायटिनेज (म्हणजे कायटिन फोडणारं एन्झाइम; कायटिन हा बुरशीच्या भित्तिकेत आणि किडीच्या कातडीत असणारा चिवट पदार्थ) काढायचंय आणि बुरशी कोणती घेऊ इथेच गाडी अडलीये, तर आधी हे ठरवा की एन्झाइम कशावर चालवायचंय.

रोगकारक बुरशीवर चालवायचं असेल तर डोळे झाकून ट्रायकोडर्मा. दुसऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन फोडून खाणं हा त्याचा धंदाच आहे, शिवाय तीन-चार दिवसांत प्लेट भरून टाकतो (आणि झाकण नीट नसेल तर शेजारच्या प्लेटाही, अनुभव आहे). त्याचं ४२ किलोडाल्टनचं एंडोकायटिनेज (कायटिनची साखळी मधूनच तोडणारं) भरपूर अभ्यासलं गेलंय, त्यामुळे तुलनेला आकडे मिळतात. फक्त पिथियमवर (रोपं कुजवणारा, बुरशीसारखा दिसणारा जीव) वापरायचं म्हणत असाल तर थांबा, त्याच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज असतं, तिथे एकटं कायटिनेज काय करणार.

मेटारायझियम किडीसाठी. किडीच्या कातडीत कायटिन प्रोटीनमध्ये गुंडाळलेलं असतं म्हणून हा गडी आधी प्रोटिएज (प्रोटीन फोडणारं एन्झाइम) सोडतो, कायटिनेज मागून येतं, म्हणजे पहिल्या दोन दिवसांचं रीडिंग बघून नाराज होऊ नका. वाढही ट्रायकोडर्मापेक्षा हळू, वेळ कमी असेल तर हा नकोच.

पण खरं सांगू का, बुरशी निवडण्यापेक्षा जास्त लोक मीडियात, म्हणजे बुरशीला द्यायच्या खाद्यात, फसतात. ग्लुकोज भरपूर घातलं की बुरशी मस्त वाढते आणि कायटिनेज जवळपास बंद, आयतं मिळतंय तर कायटिन कोण फोडत बसेल! कार्बन म्हणून कोलॉइडल कायटिन (ॲसिडने फोडून अगदी बारीक, लापशीसारखं केलेलं) द्या, ते बनवताना ॲसिड पूर्ण धुवून पीएच न्यूट्रल करा. कोळंबीची टरफलं नुसती दळून टाकू नका, त्यात चुना आणि प्रोटीन असतं, दोन्ही आधी काढावं लागतं.

बुरशी वाढवायची कशात, शेकर फ्लास्कमध्ये (हलवत ठेवलेल्या पातळ मीडियात) की गव्हाच्या कोंड्यावर? कोंड्यात पाणी कमी त्यामुळे एन्झाइम घट्ट मिळतं, पण मोठे ट्रे केले की आतून तापतात आणि पीएच हातात राहत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत फ्लास्क, २८ ते ३० डिग्री. कोंडाच घेतलात तर डीएनएस टेस्टला (सुटलेली साखर रंगावरून मोजून एन्झाइमचं काम ठरवणारी चाचणी) जपा, ती कुठलीही रिड्यूसिंग शुगर मोजते, कोंड्यातली साखरसुद्धा कायटिनेजच्या नावावर जमा होते. माझे पहिले आकडे असेच भारी आले होते, उकळून मारलेल्या एन्झाइमचा ब्लँक (वजा करायचा तुलनेचा नमुना) लावला आणि निम्मे उडाले.