आधी एमआरआय की थेट बायोप्सी? प्रोस्टेटच्या तपासणीचा निर्णय घेताना

प्रोस्टेटसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा वाढलेला आला, की रुग्णासमोर साधारण तीन वाटा असतात. काही आठवडे थांबून रक्ताची तीच तपासणी पुन्हा करायची, थेट बायोप्सी करून घ्यायची, किंवा बायोप्सीचा विचार करण्याआधी प्रोस्टेटचा एमआरआय काढायचा. यांतली पहिली वाट घाबरलेल्या मनःस्थितीत पुष्कळदा विसरली जाते, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगतो. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. ते कर्करोगात वाढते, तसेच वयानुसार ग्रंथी मोठी झाल्यावर, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात, ग्रंथीला सूज आल्यावर किंवा लघवी तुंबून नळी घालावी लागल्यावरही वाढते, आणि वीर्यस्खलनानंतर एकदोन दिवस थोडे चढलेले राहू शकते. म्हणून अशी काही कारणे असतील, तर ती दूर झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे हाच सर्वांत सोपा आणि निरुपद्रवी मार्ग असतो. याच्या उलट, ग्रंथी लहान करण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्यांचे पीएसए सहाएक महिन्यांत सुमारे निम्म्यावर येते. त्यांच्या अहवालातला ३ हा आकडा ६ च्या जवळपासचा समजावा लागतो. ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना न सांगणे ही साधी वाटणारी पण महाग पडणारी चूक आहे.

पुन्हा केलेल्या तपासणीतही आकडा चढाच राहिला, म्हणजे खरी निवड उरते ती एमआरआय आणि थेट बायोप्सी यांच्यात.

दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

या दोन तपासण्या एकमेकींच्या जागी ठेवता येत नाहीत, हे आधी स्पष्ट असावे. बायोप्सीत ग्रंथीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, त्यामुळे कर्करोग आहे की नाही आणि असल्यास तो किती आक्रमक आहे, याचे उत्तर तीच देऊ शकते. एमआरआय पेशी पाहत नाही. ग्रंथीत संशयास्पद जागा आहे का, असल्यास नेमकी कोठे आणि केवढी, एवढेच तो सांगतो. म्हणून ‘एमआरआय केला तर बायोप्सी टळेल का’ या प्रश्नाचे उत्तर ‘काहींची टळेल, आणि ज्यांची टळणार नाही त्यांची अधिक नेमकी होईल’ असे आहे.

पारंपरिक बायोप्सीत गुदाशयात सोनोग्राफीचा प्रोब ठेवून ग्रंथीच्या ठरलेल्या भागांतून साधारण १० ते १२ तुकडे घेतले जातात. सोनोग्राफीत ग्रंथीची बाह्यरेषा चांगली दिसते, पण आतली कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा आजूबाजूच्या भागाहून वेगळी ओळखू येत नाही. त्यामुळे सुई गाठीवर नव्हे, तर नकाशातल्या ठरावीक चौकटींवर मारली जाते. यातून दोन्ही बाजूंनी चूक होते: ग्रंथीच्या पुढच्या भागात दडलेली मोठी गाठ सुईच्या वाटेत येतच नाही, आणि आयुष्यभर त्रास न देणारा कर्करोगाचा एखादा बारीक ठिपका मात्र योगायोगाने हाती लागतो.

ही दुसरी चूक पहिलीइतकीच गंभीर मानली पाहिजे, असे माझे मत आहे. ग्लीसन ३+३ (पेशी किती आक्रमक दिसतात हे सांगणाऱ्या श्रेणीतला) प्रकारचा, कमी जोखमीचा कर्करोग सापडला तर आज बहुतेक ठिकाणी तातडीने उपचार न करता नियमित देखरेख ठेवण्याचा सल्ला दिला जातो. परंतु ‘कर्करोग’ हा शब्द एकदा कानावर पडला, की घरातली झोप उडते, आणि काही जण केवळ भीतीपोटी अशी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करून घेतात, ज्यांचा लघवीवरच्या नियंत्रणावर आणि लैंगिक आयुष्यावर कायमचा परिणाम होऊ शकतो.

आकडे काय सांगतात

ब्रिटनमध्ये झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रॉमिस अभ्यास येथे फार मोलाचा आहे. त्यात ५७६ पुरुषांचा एमआरआय झाला, पारंपरिक बायोप्सीही झाली, आणि दोन्हींचा खरेखोटेपणा ताडून पाहण्यासाठी संपूर्ण ग्रंथीतून दर ५ मिलिमीटरवर तुकडे घेणारी सविस्तर बायोप्सीही झाली. उपचारांची गरज पडण्याजोगे कर्करोग एमआरआयने ९३ टक्के पकडले, तर पारंपरिक बायोप्सीने ४८ टक्के. याचा अर्थ, केवळ पारंपरिक बायोप्सीवर विसंबले असते, तर निम्म्याहून अधिक महत्त्वाचे कर्करोग हातून निसटले असते.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे. ज्यांना असा कर्करोग नव्हता, त्यांच्यापैकी केवळ ४१ टक्क्यांनाच एमआरआयने निर्धोक ठरवले. बायोप्सीसाठी हा आकडा ९६ टक्के होता. म्हणजे एमआरआय संशय फार सहज घेतो. जुनी सूज, क्षार साठलेली जागा किंवा वाढलेल्या ग्रंथीतल्या निरुपद्रवी गाठीही त्याला संशयास्पद दिसू शकतात. तेव्हा अहवालात ‘संशयास्पद’ हा शब्द आला म्हणून कर्करोग झाला असे कोणीही मनाशी ठरवू नये.

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, प्रिसिजन नावाच्या चाचणीत ५०० पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले. एका गटाचा आधी एमआरआय झाला आणि संशयास्पद जागा दिसली तरच त्या जागेवर नेमकी सुई मारली गेली; दुसऱ्या गटाची थेट पारंपरिक बायोप्सी झाली. एमआरआयच्या गटात महत्त्वाचा कर्करोग ३८ टक्क्यांत सापडला, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांत. कमी जोखमीचा कर्करोग मात्र उलट, पहिल्या गटात ९ टक्के आणि दुसऱ्यात २२ टक्के होता. शिवाय एमआरआयच्या गटातील २८ टक्के पुरुषांना सुई टोचून घ्यावीच लागली नाही. अशा निष्कर्षांमुळेच उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये, आणि त्याच सुमारास युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने, बायोप्सीच्या आधी एमआरआय करण्याची शिफारस केली. ज्याला कोठेही जवळपास चांगला एमआरआय उपलब्ध आहे, त्याने तो आधी करून घ्यावा, असे मी निःसंकोच म्हणेन.

रुग्णाच्या अंगावर काय येते

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो आणि सुई लागलीच तर ती हाताच्या शिरेत, कॉन्ट्रास्टसाठी, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून दिल्या जाणाऱ्या द्रवासाठी. सुमारे अर्धा ते पाऊण तास अरुंद बोगद्यात न हलता पडून राहावे लागते आणि यंत्राचा ठोकल्यासारखा मोठा आवाज येत राहतो, ज्यासाठी कानात बोळे किंवा हेडफोन दिले जातात. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी हे आधीच सांगितले, तर सौम्य शामक औषध देता येते. गुदाशयात वायू किंवा मळ साठलेला असेल तर चित्रे विकृत होतात, म्हणून तपासणीपूर्वी पोट साफ करून यायला सांगतात. आतड्यांची हालचाल थांबवण्यासाठी कधीकधी इंजेक्शन देतात. काचबिंदूच्या रुग्णांनी त्याआधी तसे सांगणे आवश्यक आहे.

बायोप्सी ही छोटी असली तरी शरीराला इजा करणारी प्रक्रिया आहे. नंतर काही दिवस लघवीतून आणि काही आठवडे वीर्यातून रक्त दिसणे नेहमीचे आहे. काहींची लघवी अडते, आणि थोड्या जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागते. हा संसर्गाचा धोका सुई गुदाशयातून न घालता अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घातली, तर कमी होतो. बायोप्सी ठरलीच, तर ती कोणत्या मार्गाने होणार आहे हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे आणि तो बजावावा.

क्रमाचाही प्रश्न असतो. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळते आणि ते एमआरआयच्या चित्रात गाठीसारखे भासू शकते किंवा गाठ झाकू शकते, त्यामुळे आधी बायोप्सी झाली असेल तर एमआरआयसाठी किमान सहा ते आठ आठवडे थांबणे श्रेयस्कर असते. आधी एमआरआय केल्यास हा अडथळाच उद्भवत नाही.

कोणता एमआरआय?

प्रोस्टेटचा एमआरआय म्हणजे एकच चित्र नव्हे. एका प्रकारच्या चित्रांत ग्रंथीची रचना दिसते. डिफ्यूजन नावाच्या दुसऱ्या प्रकारात पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते, कारण कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीने असल्याने तेथे ही हालचाल मंदावते. तिसऱ्या प्रकारात गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट शिरेतून देऊन तो ग्रंथीत किती झपाट्याने पसरतो हे पाहतात. तिन्ही मिळून होतो तो मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय, आणि कॉन्ट्रास्ट वगळून होतो तो बायपॅरामेट्रिक, ज्याला साधारण निम्मा वेळ पुरतो.

या दोहोंत निवड कशी करावी? प्राइम या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्याच रुग्णांची चित्रे कॉन्ट्रास्टसह आणि कॉन्ट्रास्टविना अशी दोन्ही प्रकारे वाचली गेली, आणि महत्त्वाचा कर्करोग सापडण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे, सुमारे २९ टक्के, आले. त्यामुळे चित्रे उत्तम दर्जाची असतील आणि वाचणारा अनुभवी असेल, तर पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्यांसाठी कॉन्ट्रास्टचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही. मूत्रपिंडाचे कार्य फार खालावलेल्या व्यक्तींसाठी हा मोठाच दिलासा आहे. गॅडोलिनियमचा अगदी थोडा अंश शरीरात रेंगाळतो. त्यातून मूत्रपिंडे निरोगी असणाऱ्यांना अपाय झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, परंतु जे टाळता येते ते विनाकारण का घ्यावे, हा विचार मला रास्त वाटतो. मात्र उपचारांनंतर रोग उलटला का हे पाहायचे असेल, किंवा कृत्रिम खुब्याच्या सांध्यामुळे डिफ्यूजनची चित्रे बिघडत असतील, तेव्हा कॉन्ट्रास्टचे महत्त्व पुन्हा वाढते.

यंत्र ३ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) असल्यास चित्र अधिक स्पष्ट येते, पण चांगल्या १.५ टेस्ला यंत्रावरही तपासणी व्यवस्थित होते. धातूचे रोपण असलेल्यांसाठी कधीकधी १.५ टेस्लाच अधिक सोयीचे असते. गुदाशयात कॉइल (संकेत टिपणारे उपकरण) घालण्याची जुनी पद्धत आता बहुतेक ठिकाणी लागत नाही. यंत्राच्या आकड्यापेक्षा ती चित्रे कोण वाचणार आहे, हे मी आधी विचारेन, कारण प्रोस्टेटची चित्रे रोज पाहणारा रेडिओलॉजिस्ट आणि कधीमधी पाहणारा रेडिओलॉजिस्ट यांच्या अहवालांत लक्षणीय फरक पडतो.

पेसमेकर, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची माहिती तारीख घेतानाच द्यावी. आजचे पुष्कळ पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयमध्ये चालतात, पण त्यासाठी पूर्वतयारी लागते. ज्यांचा एमआरआय खरोखरच होऊ शकत नाही, त्यांच्यासाठी पारंपरिक बायोप्सी हाच मार्ग राहतो, आणि तो टाकाऊ नव्हे. तसेच पीएसए अतिशय जास्त असून गुदद्वारातून बोटाने केलेल्या तपासणीत ग्रंथी दगडासारखी कठीण लागत असेल, तर निदानासाठी एमआरआयची वाट पाहण्यात फारसा लाभ नसतो. तेथे बायोप्सी आणि रोग शरीरात पसरला आहे का याचा शोध, हेच प्रश्न पुढे येतात.

अहवालातला १ ते ५

अहवालात पायरॅड्स नावाची श्रेणी असते. १ आणि २ म्हणजे महत्त्वाचा कर्करोग असण्याची शक्यता कमी, ४ आणि ५ म्हणजे जास्त. यांच्यावर बायोप्सीचा सल्ला जवळजवळ निश्चित असतो. खरी ओढाताण ३ वर होते. अशा वेळी पीएसएच्या आकड्याला ग्रंथीच्या आकारमानाने भागून येणारी पीएसए घनता फार उपयोगी पडते. समजा, पीएसए ६ आहे. ग्रंथी ६० मिलिलिटरची असेल तर घनता ०.१० येते, आणि ३० मिलिलिटरची असेल तर ०.२०. साधारण ०.१५ च्या वर घनता गेली, की बायोप्सीकडे कल वाढतो. खाली असेल, तर देखरेखीचा पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येतो. जवळच्या नात्यात प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर तेही या हिशेबात धरावे.

संशयास्पद जागेतूनच तुकडे घ्यावेत की सोबत ठरावीक भागांतूनही, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. दोन्ही केल्यास थोडे अधिक महत्त्वाचे कर्करोग सापडतात, पण निरुपद्रवीही अधिक सापडतात. संशयित जागा आणि तिच्या लगतचा भाग, एवढ्यावर थांबणे हा मला समतोल मध्यममार्ग वाटतो.

एमआरआय स्वच्छ आला, तर ‘नॉर्मल’ या शब्दाने निर्धास्त होऊन पुढची तपासणी सोडून देऊ नये. प्रॉमिसमध्ये एमआरआय स्वच्छ असलेल्या प्रत्येक १०० पुरुषांमागे सुमारे ११ जणांत महत्त्वाचा कर्करोग होताच. म्हणून पीएसए पुन्हा कधी करायचे आणि ते किती वाढले तर एमआरआय पुन्हा काढायचा, हे त्याच भेटीत विचारून लिहून घ्यावे. छापील अहवालाबरोबर मूळ चित्रांची डिस्कही मागून घ्यावी, कारण एकदोन वर्षांनी दुसऱ्या एमआरआयमध्ये एखादी जागा दिसली, तर ती नवी आहे की आधीपासूनच तशी होती, हे केवळ जुन्या चित्रांशेजारी ठेवूनच कळते.