लातुरात घरी कोळंबी तळायची तर पाकीट कोणतं घ्यावं

निकाल आधीच सांगून टाकते. घरी कोळंबी तळायची असेल तर फ्रीजरमधली कच्ची, सोललेली, पाठीतला काळा दोरा काढलेली आणि शेपूट ठेवलेली घ्या. आकार 31/40, म्हणजे काय ते पुढे सांगते. रविवारच्या बाजारात बर्फावर मांडलेली डोक्यासकटची कोळंबी, विकणारा कितीही ताजी म्हणू दे, तळायला घेऊ नका. कोकणातल्या लोकांना हे पटणार नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई मालवणच्या, त्यांनी तर पाकीट बघूनच नाक मुरडलं होतं. पण मालवणात दारात होडी लागते, आमच्याकडे टेम्पो येतो.

रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या लातुरावरूनच जातो. रस्ता तोच, पण समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या आसपास लांब. एवढ्या वाटेत कोळंबीचं डोकं सगळ्यात आधी दगा देतं. तिचे पचनाचे रस डोक्याच्या भागात असतात. ती मेली की हेच रस मानेजवळचं मांस सैल करायला लागतात. बर्फानं हे काम मंदावतं, थांबत नाही. म्हणून टोपलीत कोळंबी बरी दिसते आणि घरी सोलायला बसलं की मानेकडचा भाग बोटाला लिबलिबीत लागतो. रश्श्यात ती खपून जाते. तेलात टाकली की पाणी सोडते, पीठ गळून कढईच्या तळाशी जातं आणि हातात लांबट, चिवट काहीतरी येतं. डोकं लोंबत असेल आणि अमोनियाचा झोंबरा वास येत असेल, तर रश्श्यालाही नको.

आमच्या लहानपणी समुद्र घरात यायचा तो आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलातून. धरणातले, नदीतले गोड्या पाण्याचे झिंगे कधीमधी मिळायचे, ते बारीक. टच्च भरलेली ओली कोळंबी इकडच्या घरात आली ती फ्रीजरमुळे. पाकिटात बहुतेक वेळा व्हनामेई जात असते. ती मूळची अमेरिका खंडातल्या पॅसिफिक किनाऱ्याची. आपल्या देशात तिच्या शेतीला 2009 मध्ये परवानगी मिळाली आणि आता सगळ्यात जास्त ती आंध्रात पिकते. तळ्यातून काढून बर्फात कारखान्यात नेतात, डोकं काढतात आणि एकेक सुटी गोठवतात. डोकं वेळेवर निघाल्यामुळे मांस घट्ट राहतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पाकिटाला पूर्ण गुण देते.

पण सगळी पाकिटं सारखी नसतात. 31/40 म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये 31 ते 40 नग. अर्ध्या किलोत साधारण 34 ते 44 येतात. चौघांना पुरतात. याहून बारीक घेतली तर वरचं पीठ खमंग होईपर्यंत आतली कोळंबी रबर होते. फार मोठी घेतली तर खिशाला चाट बसते आणि तळण्यात काही विशेष फरक पडत नाही. पाकीट हातात घेऊन हलवून बघा. नग सुटे खळखळले पाहिजेत. आत एकच गोळा असेल आणि बर्फाचा चुरा साठलेला असेल, तर माल वाटेत कुठंतरी वितळून पुन्हा गोठलाय. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीजही जाते. दुकानात जनरेटर आहे का, हे मी बिनदिक्कत विचारते. तुम्हीही विचारा.

वजनाचं मात्र मला मनापासून खटकलं. सुकू नये म्हणून प्रत्येक नगावर बर्फाचा पातळ थर देतात, ते ठीक आहे. पण पाकिटावर लिहिलेलं निव्वळ वजन बर्फ सोडून असलं पाहिजे. एका कंपनीच्या 500 ग्रॅमच्या पाकिटातला बर्फ उतरवून, निथळून काट्यावर ठेवलं तर 430 भरलं. ती कंपनी मी सोडली. आणखी एक, मागच्या बाजूला घटकांमध्ये फॉस्फेट लिहिलंय का बघा. त्यानं कोळंबी पाणी धरून ठेवते, दिसते फुगीर आणि कढईत सगळं पाणी सोडून आक्रसते. घटकांत फक्त कोळंबी, फार तर मीठ, असं पाकीट मिळालं की दोन घेऊन ठेवते.

आता तळण्याचं. आमच्या सासूबाई माळकरी. त्यामुळे सामिष सगळं गच्चीवर, शेगडी वेगळी, लोखंडी कढई वेगळी. त्याचा फायदाच झालाय, कारण उघड्यावर मोठी आच बिनधास्त ठेवता येते. पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. घाई असली तर पिशवीसकट गार पाण्यात. गरम पाणी नाही. मग स्वच्छ धडप्यावर पसरून कोरडी करायची, अगदी कोरडी. सगळी मेहनत इथंच घ्या. हळद, मीठ, लसूण-आल्याचा ठेचा, लिंबू थोडंच आणि तेही शेवटी. आंबटात जास्त वेळ राहिली तर मांस आधीच आवळून बसतं.

वरून रवा लावायची रीत आहे. मी लावते ज्वारीचं बारीक पीठ, त्यात चौथा हिस्सा तांदळाची पिठी आणि दोन चमचे येसर. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून कवच चामट होत नाही. गार झाल्यावरही कुरकुरतं. येसरात धान्य आणि मसाले आधीच भाजलेले असतात, त्याचा खमंगपणा कोळंबीच्या गोडीखाली छान बसतो. पण दोन चमच्यांच्या वर जाऊ नका. भाजलेलं पीठ पटकन करपतं आणि कडू होतं.

तेल शेंगदाण्याचं. घाण्याचं करडईचं तेल मला जिवापाड आवडतं, पण ते लवकर धूर धरतं, मोठ्या आचेवरच्या तळणाला नको. पिठाचा चिमटा टाकला की लगेच वर आला पाहिजे. एका वेळी सात-आठच नग. जास्त टाकले की तेल गार पडतं आणि पीठ तेल पितं. दीड-दोन मिनिटं पुरेत. पाठीवरचा राखाडी रंग जाऊन गुलाबी-नारिंगी आला आणि कोळंबी अर्धगोल वाकली की झारा घाला. शेपूट डोक्याच्या बाजूला टेकून पूर्ण गोल झाली, तर ती जास्त तळली गेली.

दिवाळीत जाऊबाई आल्या तेव्हा एकाच पाकिटातली अर्धी त्यांनी रव्यात तळली, अर्धी मी ज्वारीत. त्यांनी दोन्ही ताटं शांतपणे खाल्ली आणि म्हणाल्या, "कोळंबी गोडीला कमीच गं, पण पीठ कसं केलंस ते लिहून दे." गोडीबद्दल त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. किनाऱ्यावर सकाळी आलेल्या कोळंबीची चव तळ्यातल्या, गोठवलेल्या कोळंबीला येत नाही. घट्टपणात आणि कुरकुरीतपणात मात्र ती कुठंही कमी पडत नाही.

याच फ्रीजरमध्ये शेजारी दोन गोष्टी असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एक, आधीच शिजवलेली गुलाबी कोळंबी. ती तळली तर दुसऱ्यांदा शिजते आणि दोरीसारखी लागते. दुसरी, ब्रेडचा चुरा लावलेली तयार कोळंबी. मुलांच्या हट्टापायी आणली होती, सोलून बघितली तर आत करंगळीच्या नखाएवढा तुकडा. त्याच पैशात कच्ची घ्या.

घरात कुणी पहिल्यांदाच कोळंबी खाणार असेल, विशेषतः लहान मूल, तर आधी एकच नग द्या आणि थांबा. कोळंबीची ॲलर्जी काहींना जोरात होते. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा. एक नग देऊन थांबलात, तेवढ्या वेळात बाकीच्यांसाठी दुसरा घाणा सोडायला हरकत नाही, फक्त तेल पुन्हा नीट तापू द्या.